परत येणारा डबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका मंडळाच्या कार्यक्रमाला गेले होते. पाहुणे चांगले बोलत होते. पोरांनी व्यसनं सोडावीत, मोबाईल बाजूला ठेवावा, तालमीत यावं, असं सांगत होते आणि मला ते पटत होतं. मग ते म्हणाले, "ज्याच्या अंगाला लाल माती लागलीय, त्याला डिप्रेशन येत नसतंय." मांडवभर टाळ्या पडल्या. माझ्या पुढच्या रांगेत एक मुलगा बसला होता. त्यानंही टाळ्या वाजवल्या. त्याच्या खिशात रात्रीची गोळी होती, हे त्या मांडवात तिघांनाच माहीत होतं. त्याला, त्याच्या वस्तादांना आणि मला. त्या टाळ्या अजून कानातून जात नाहीत, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी शुक्रवार पेठेत २१ वर्षं खाणावळ चालवते. वय ५८, शिक्षण दहावी. रोज ६० डबे बाहेर पडतात. निम्मे तालमीतल्या पोरांचे आणि निम्मे अभ्यासिकेत बसणाऱ्यांचे. कुणी पोलीस भरतीच्या तयारीत, कुणी एमपीएससीच्या. सगळी मला मावशी म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण ही पोरं किती खातात आणि कधी खायची थांबतात, हे त्यांच्या आईबापांच्या आधी मला कळतं. परत आलेला डबा मी लगेच घासायला टाकत नाही, आधी उघडून बघते. भाकरीचे काठ राहिले असतील तर दात दुखतोय. भाताला हात लावला नसेल तर वजन उतरवायचं चाललंय. सगळंच अर्धं अर्धं आलं तर घरून कसला तरी फोन आलाय.

या मुलाचं गाव आणि वजनगट सांगत नाही, लगेच ओळखू येईल. २२ वर्षांचा आहे. बापानं एक म्हैस विकून खुराकाचे पैसे पाठवले होते. गेल्या वर्षी एका जत्रेच्या मैदानात त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं आणि नऊ महिने मातीत उतरायचं नाही, असं सांगितलं गेलं.

पैलवानाचा दिवस कसा असतो ते कोल्हापुरात सांगायला नको. पहाटे चारला उठणं, जोर, बैठका, मातीतली लढत, कुंडीत घोटलेली बदामाची थंडाई, जेवण, दुपारची झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत, रात्री नऊला अंथरूण. वयाच्या बाराव्या वर्षापासून ते अंग या घड्याळावर चाललेलं. एका दिवसात ते घड्याळ बंद पडलं. बाकीची पोरं हौद्यात आणि हा भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून त्यांच्याकडं बघत बसलेला. अंग दमत नाही, घाम येत नाही, भूक लागत नाही. आणि गावातला जो तो फोन करून विचारतोय, "पुढचं मैदान कधी?"

पहिल्या दोन आठवड्यांत डबा व्यवस्थित संपत होता. मग दूध परत यायला लागलं. मग बुधवारचं मटण. पैलवानाच्या डब्यातून मटण परत येणं हे माझ्याकडं २१ वर्षांत दोनदा-तीनदाच झालंय आणि प्रत्येक वेळी ताप निघालाय. मी निरोप पाठवला, ताप आहे का बघा. ताप नव्हता. आणि मग एकदम डबा रिकामा यायला लागला. मला बरं वाटलं. चार दिवस गेले आणि लक्षात आलं की डबा नुसता रिकामा नाही, घासून येतोय. आजवर एकाही पोरानं मला डबा घासून पाठवलेला नाही. मी झाकणाचा वास घेतला. भांड्याच्या साबणाचा नव्हता, अंगाला लावायच्या साबणाचा वास होता. डबे पोचवणाऱ्या पोराला खोदून विचारलं, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, तो मागच्या बोळात कुत्र्यांना घालतोय."

तालमीत बाईमाणसानं आत जायचं नसतं. मी दुपारी उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि त्याला बोलावून घेतलं. पाय ओढत आला.

"जेवण आवडंना काय रे?"

"आवडतंय की मावशी."

"मग?"

"घास फिरतोय तोंडात. अंगात बळच नाही."

"झोप लागती काय?"

"लागती. नऊला पडतोय."

"आणि जाग कधी येती?"

जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दोनला."

तालमीत सगळेच चारला उठतात. त्यामुळं हा दोनपासून छताकडं बघत पडलेला असतो, हे शेजारच्या वळकटीवरच्या पोरालाही कळलं नव्हतं. मला कळलं, कारण रात्रीचे ते दोन मी स्वतः जवळजवळ दोन वर्षं काढलेत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या पेठेत पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात कमरेएवढं पाणी होतं. जोंधळ्याची पोती, तांदूळ, मिक्सर, फ्रीज, सगळं गेलं. माझे मालक २०१७ सालीच वारलेले. मी आणि मुलगा पाहुण्यांकडं राहिलो आणि पाणी उतरल्यावर येऊन चिखल उपसला. कोल्हापूरची माणसं कशी धावून येतात ते मी तेव्हा बघितलं. कुणी भांडी दिली, कुणी शेगडी दिली, महिन्याभरात माझे डबे सुरू झाले. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. मलाही तसंच वाटत होतं.

दिवाळी झाली आणि माझी पाठ भरून यायला लागली. छातीत जळजळ, घशात आवंढा अडकल्यासारखा, हातापायाला मुंग्या, डोक्यावर पाटा ठेवल्यासारखं जड. रडू येत नव्हतं. उदास वगैरे वाटतंय असंही मी कुणाला म्हटलं नाही, कारण मला ते तसं वाटतच नव्हतं. मला पित्त झालंय असं वाटत होतं. तीन डॉक्टर झाले. ईसीजी झाला, दुर्बीण घालून पोट बघितलं, सोनोग्राफी, थायरॉईड, साखर. भिशीचे सगळे पैसे त्यात गेले. रिपोर्ट चांगले आले. बी-१२ तेवढं कमी निघालं आणि त्याचंही कारण आमच्या रीतीभातीतच आहे. मालक गेल्यापासून मी मटण-मासे सोडले होते. कुणी सोड म्हणालं नव्हतं, पण खाल्लं असतं तर चार बायका बोलल्या असत्या. आठवड्यातून दोनदा पोरांसाठी मटण शिजवायचं आणि आपण वरणाशी भाकरी कुस्करायची. दूधही पोरांना द्यायचं. इंजेक्शनं घेतली, मुंग्या कमी झाल्या, रात्री दोनची जाग काही गेली नाही. शेवटी एक डॉक्टर फाईल मिटून म्हणाले, "काही नाही, मनाचे खेळ आहेत." मी त्यांचं नाव सांगणार नाही, माणूस वाईट नव्हता. पण "काही नाही" ऐकून मी जिना उतरले तेव्हा मला वाटलं की मी नाटक करत्येय आणि ते पकडलं गेलंय.

मधे लॉकडाऊन आला, पोरं गावाला गेली, डबे बंद. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी. तेव्हापासून पाऊस लागला आणि टीव्हीवर "पंचगंगा ३९ फुटांवर, इशारा पातळी गाठली" असं आलं की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची, हात गार पडायचे. नणंद मला एका देवऋषीकडं घेऊन गेली. त्यानं उतारा सांगितला, तोही टाकला. मी नणंदेला दोष देत नाही. "तुला काय होतंय" असं मला त्या काळात विचारणारी ती एकटीच होती.

मग एक तरुण डॉक्टरीण भेटली. पित्ताच्याच गोळ्या घ्यायला गेले होते. तिनं फाईल बघितली, बाजूला ठेवली आणि चार प्रश्न विचारले. जाग किती वाजता येते? जाग आल्यावर पहिला विचार काय येतो? संध्याकाळपेक्षा सकाळ जड जाते का? आणि पूर्वी जिवापाड आवडायचं असं काय सोडून दिलंय?

मी म्हटलं, "जोतिबाचे खेटे."

माघातल्या रविवारी कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला चालत जायचं. पहाटेच्या अंधारात निघायचं, "चांगभलं" म्हणत डोंगर चढायचा, वर गेल्यावर गुलालात न्हाऊन निघायचं. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून खेटे चुकवले नव्हते. दोन वर्षं गेले नव्हते आणि न गेल्याचं मला वाईटसुद्धा वाटलं नव्हतं. हे बोलता बोलता मला त्या खोलीत हुंदका आला. पुरात आला नव्हता तो.

तिनं मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. एक म्हणजे शरीरातल्या बिघाडानं मन खचतं. थायरॉईड मंदावलं, रक्त कमी झालं, बी-१२ कमी पडलं तरी माणूस डिप्रेशनसारखाच दिसतो, आणि मधुमेह असणाऱ्यांत डिप्रेशनचं प्रमाणही इतरांपेक्षा बरंच जास्त आहे. म्हणून माझं रक्त तपासलं यात काही चूक नव्हती. चूक पुढं झाली. रिपोर्ट चांगला आला म्हणजे दुखणं नाही, असं धरलं गेलं. दुसरं म्हणजे मनातलं दुखणं शरीरातून बोलतं, आणि जिथं मनाचं बोलायला जागा नाही तिथं तर जास्तच बोलतं. आपल्या घरात बाई म्हणाली "पाठ दुखतेय" तर सून चहा करून देते, मुलगा गोळी आणतो. तीच बाई म्हणाली "मला काही नको वाटतंय" तर घर म्हणतं, तुला काय कमी आहे? मग बाई पाठीचंच सांगते. खोटं सांगत नाही ती, पाठ खरंच दुखत असते. घाटाखाली गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांची पाहणी केली होती. अंगावरून पांढरं जातंय अशी तक्रार पुष्कळ बायकांची होती. त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त दिसला. हे मला तिनंच सांगितलं आणि माझ्या डोळ्यांपुढं आमच्या गल्लीतल्या चार जणी उभ्या राहिल्या.

मला गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला महिना गेला. सोबत तिनं चालायला सांगितलं. पहिल्या दिवशी रंकाळ्याला संध्यामठापर्यंत गेले आणि परत येऊन झोपून राहिले, इतकी ताकद गेली होती. पण गेले. शेजारणीला बरोबर घेतलं, ती बोलायची आणि मी ऐकायची. तीन महिन्यांनी मी बोलायला लागले.

आणखी एक गोष्ट माझ्या बरं होण्यात आहे आणि ती औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. मालक गेल्यापासून गल्लीतलं हळदीकुंकू मला बंद झालं होतं. गौरीच्या रात्री झिम्मा रंगायचा आणि मी दारातून बघून आत यायची. २०२२ च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. पुढं सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तेच करायला सांगितलं. पेपरात ते आलं त्या वर्षी गौरीला समोरच्या घरातली सून माझ्या दारात आली आणि माझा हात धरून म्हणाली, "चला, आता काय हेरवाडपेक्षा आपण मागं राहायचं काय?" मी झिम्म्यात गेले. गुडघे दुखले, दम लागला, घामानं पातळ भिजलं. त्या रात्री मी पाच वाजेपर्यंत झोपले. शरीर, मन आणि समाज ही वेगळी खाती आहेत असं कुणी मला सांगायला लागलं, की मला ती रात्र आठवते.

तर त्या पोराकडं परत येते. वस्तादांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ताकद उतरलीय, खुराक वाढवूया. बापाला फोन केला, तो म्हणाला, बाहेरचं काही असेल, अमावास्येला बघतो. दोघांचाही त्याच्यावर जीव आहे. पण दोघांनाही अंगापलीकडं बघायची सवय नव्हती. मी संध्याकाळी पुन्हा गेले आणि उंबऱ्याबाहेरच त्याला सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतोय काय रे?" हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. आपण विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल, असं वाटतं. तसं होत नाही, डॉक्टर हे स्पष्ट सांगतात. विचारलं की उलट माणसाला मोकळं व्हायला वाट मिळते. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. हो म्हणून.

त्या रात्री त्याला एकट्याला सोडायचं नाही हे मी वस्तादांना सांगितलं. साठी ओलांडलेला, कान मोडलेला तो माणूस. एक शब्द बोलला नाही. आपली वळकटी उचलली आणि पोराच्या शेजारी आणून टाकली. दोन वाजता पोराला जाग आली तेव्हा वस्ताद जागेच होते. दोघं बाहेर कट्ट्यावर येऊन बसले. वस्तादांनी त्याला स्वतःच्या खांद्याचं सांगितलं. खांदा निखळला आणि मैदान सुटलं, त्यानंतरची दोन वर्षं ते घरी कुणाशी बोलत नव्हते. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. मला ते वस्तादांनीच नंतर सांगितलं आणि पेपरात लिहा म्हणाले, नाव नको.

सकाळी आम्ही तिघं मानसोपचार डॉक्टरांकडं गेलो. पोराची पहिली भीती वेगळीच होती. गोळी घेतली तर डोपिंगमध्ये अडकीन, कुस्ती कायमची जाईल. डॉक्टरांनी यादी बघून सांगितलं की त्याला द्यायचं औषध बंदीच्या यादीत नाही. दुसरी भीती सवय लागण्याची. तीही काढली. या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारख्या सवय लावणाऱ्या नसतात, मात्र डॉक्टरांना न विचारता मधेच बंद करायच्या नाहीत. पहिले दोन-तीन आठवडे काही फरक पडणार नाही, तेव्हा गोळी फेकून देऊ नकोस, हे त्यांनी वस्तादांकडं बघून सांगितलं.

आणि त्याला दिवस आखून दिला. चारला नाही, सहाला उठायचं. उन्हात अर्धा तास बसायचं. पाय चालत नसेल तर हात आणि खांद्यांचा व्यायाम. संध्याकाळी बारक्या पोरांना डाव दाखवायचे, कडेला बसून का होईना. तो म्हणाला, "मन लागलं की करतो." डॉक्टर म्हणाले, "मन लागायची वाट बघू नकोस. आधी कर, मन मागनं येतंय." हे वाक्य मी आता दिवसातून दहादा कुणाला ना कुणाला सांगते.

पाच महिने झालेत. मैदान अजून लांब आहे, गुडघ्यालाही वेळ आहे. पण संध्याकाळी हौद्याच्या कडेला बसून तो बारक्यांवर ओरडत असतो, ते रस्त्यावर ऐकू येतं.

मी व्यायामाच्या विरुद्ध नाही हो. ज्या घरातून पैलवान जेवतात त्या घरातली बाई व्यायामाच्या विरुद्ध कशी असेल? मी स्वतः चालून बरी झालेय. व्यायामानं मन सावरतं हे खरंच आहे. पण व्यायाम करणाऱ्याला हा आजार होतच नाही असं सांगितलं, की ज्याला झालाय तो त्या क्षणी खोटा पडतो. त्याला वाटतं, मी पैलवानच नाही. मग तो सांगत नाही. डबा कुत्र्यांना घालतो आणि घासून पाठवतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं, तेव्हापासून आपण अंगातल्या बळाला मान देत आलोय. त्या मैदानात चितपट झालेल्यालाही पाठ थोपटून उठवतात. मग ज्याचं मन पडलंय त्यालाच का म्हणायचं की तू उतरलाच कशाला?

बंगळूरच्या निम्हान्स या मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली. वीस माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन होतं, असं त्यात निघालं. माझे ६० डबे आहेत. म्हणजे तीन डबे. आणि अभ्यासिकेतली पोरं मला जास्त भीती घालतात. बारा-बारा तास ट्यूबलाईटखाली, ऊन नाही, चालणं नाही, चहावर चहा, रात्री दोनपर्यंत मोबाईल, आणि गावात बापानं सांगून ठेवलेलं असतं की पोरगा साहेब होणार. पैलवानाच्या शेजारी निदान दहा वळकट्या असतात. यांच्या खोलीत यांना विचारायला कुणी नाही. काही जण झोप यावी म्हणून क्वार्टर घेतात. दारूनं डोळा लागतो, पण झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. हे मी त्यांना ओरडून सांगते, चिडतात, पण सांगते.

बायकांचं तर काय सांगू. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोराचा डबा परत आला की मला कळतं. बाईचं ताट कोण बघतं? ती सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बसते, उरलेलं खाते, कधी खात नाही, आणि ताट स्वतःच घासून ठेवते. माझं जेवण तीन महिने एका भाकरीवर आलं होतं आणि ६० माणसांना जेवू घालणाऱ्या त्या घरात ते कुणालाही दिसलं नव्हतं. आपल्या वाचकांत ज्यांच्या घरी आई, बायको, सासू शेवटी जेवतात, त्यांनी आज रात्री त्यांच्याबरोबर बसावं आणि ताटाकडं बघावं. एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

आता मला काय हवंय ते. आमच्याकडं मानसोपचार म्हटलं की लोकांना रत्नागिरीचं मनोरुग्णालय आठवतं. "रत्नागिरीला न्यायची वेळ आलीय काय" असं आजही बोललं जातं. त्या भीतीनं माणसं आपल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याची पायरीसुद्धा चढत नाहीत. पाठीसाठी हाडाच्या डॉक्टरकडं जावं तितकंच साधं हे जाणं आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचाराचा हक्क देतो आणि विमा कंपनीनंही शरीराच्या आजाराप्रमाणेच हा आजार धरायचा, असं त्यात आहे. हे किती जणांना माहीत आहे?

माझी मागणी मोठ्या हॉस्पिटलची नाही. गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं साध्या माणसांना शिकवून तयार केलं. डॉक्टर नव्हेत, गावातलीच माणसं. त्यांनी आरोग्य केंद्रात सहा ते आठ वेळा भेटून, त्या डॉक्टरांनी पोराला दिवस आखून दिला तसं काम केलं, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त माणसं त्यानं सावरली. आपल्या कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे, मंडळ आहे. वस्ताद आहेत, आशाताई आहेत, खाणावळवाल्या आहेत, भिशीच्या बायका आहेत. आम्हाला शिकवा. महापालिकेनं आणि जिल्हा परिषदेनं महिन्यातून एक दुपार आम्हाला द्यावी, आम्ही येतो. दुपारी दोन ते चार मी मोकळी असते. आणि शहरातल्या डॉक्टरांना सांगणं आहे की पित्ताची, पाठीची, मुंग्यांची तक्रार घेऊन दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा येणाऱ्या माणसाला "जाग किती वाजता येते" एवढं विचारा. त्याला यंत्र लागत नाही.

तालमीच्या भिंतीवर मारुतीच्या फोटोशेजारी मेहनतीचं वेळापत्रक लावलेलं असतं. आमच्या इथल्या वस्तादांनी गेल्या आठवड्यात त्याच्या खाली खडूनं १४४१६ हा नंबर लिहिलाय. एका पोरानं विचारलं, हा कुणाचा नंबर? वस्ताद म्हणाले, "मन मुरगळलं तर लावायचा." बाकीच्या तालमींनी पण लिहावा.

माझं नाव छापू नये ही विनंती. मला लाज वाटते म्हणून नाही, माझ्या नावावरून तो मुलगा ओळखू येईल म्हणून. नाव कधी सांगायचं ते त्याचं त्यानं ठरवावं.

आपली,
एक खाणावळवाली
शुक्रवार पेठ, कोल्हापूर

ता. क. : वर लिहिलेला नंबर केंद्र सरकारच्या टेलिमानसचा आहे. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री दोनलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. पत्र मोठं झालं म्हणून कापणार असाल तर माझं काही कापा, हा नंबर ठेवा.